बर्फखान्यातली हजेरी

सँडनेस, मॅनिटोबा
१४ जानेवारी

प्रिय लीफ,

तू आणि तुझी मंडळी खुशाल असाल असं धरून चालतो. आम्ही दोघं ठीक. थंडी नेहमीसारखीच, म्हणजे तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तळं कडेपर्यंत गोठलंय. जाळी लावणारे सकाळी जातात आणि दुपारी नाकं लाल करून परत येतात. यंदा पिकरेल मासा बरा मिळतोय म्हणे. तुझ्या रूना वहिनीने विनारतेर्ता केक केलाय, प्रूनचे थर जरा जाड झालेत असं तिचं म्हणणं. मी खाल्ला, मला काही फरक कळला नाही. तुला पोस्टाने पाठवते म्हणाली. मी म्हटलं, कॅल्गरीत केक मिळत नाहीत का? तिने माझ्याकडे रोखून पाहिलं असावं, कारण त्यानंतर तिने केकचा डबा आपटून बंद केला.

पत्र लिहितोय, कारण तूच तिला फोनवर सांगितलंस, "त्याला काही सांगायचं असेल तर लिहून पाठवू दे, फोनवर तो नुसता गुरगुरतो." तर घे. अक्षर मोठं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. हे रूनाचं खोक्यांवर नावं घालायचं जाड पेन आहे, दुसरं हाताशी नव्हतं.

तू तिला आणखीही एक सांगितलंस. आईला पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात तू माझ्यापुढे हात केलास आणि मी तुझ्याकडे ढुंकूनही न बघता कॉफीच्या किटलीकडे बघत उभा राहिलो. आठ महिने हे मनात धरून बसलायस तर बस. मला त्यावर वाद घालायचा नाही. किटली तिथे होती हे खरं आहे.

आता कामाचं. कर्लिंग क्लबच्या मागच्या बर्फखान्यात तू बसवलेलं कॉम्प्युटरचं मशीन मुकं झालंय. बंद नाही, चालू आहे, दिवा लागतो, आतून गुणगुणतं. पण बर्फाखालच्या नळ्यांतलं खारं पाणी कोमट व्हायला लागलं की ते मला फोन करायचं, तो फोन आता येत नाही. मागच्या आठवड्यात कॉम्प्रेसर दुपारभर बंद पडला होता आणि मशीन गप्प.

झालं असं. त्यातल्या पडद्याच्या कार्डाचा पंखा किंचाळायला लागला होता. आपली अध्यक्षीण वाल्डीन म्हणाली, "स्टेनी, पाहुणे कॉफी प्यायला बसले की मागून डुक्कर मारल्यासारखा आवाज येतो, काहीतरी कर." तूच कधीतरी म्हणाला होतास की ते कार्ड नसलं तरी चालेल, मुख्य बोर्डालाच पडदा जोडता येतो. म्हणून मी पेटी उघडली आणि ते कार्ड काढलं. बरोबर तेच काढलं, शंका घेऊ नकोस. टेलिफोनच्या खांबांवर हातमोजे घालून मी तारा जोडल्या आहेत, एक कार्ड उपसायला मला कुणाची मदत लागत नाही. पंखा गेला, आवाज गेला, आणि फोनही गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी बॉनस्पील आहे. तळ्याभोवतीच्या सगळ्या गावांचे संघ येणार. आपला क्लब वर्षभर जगतो तो या तीन दिवसांच्या सामन्यांवर, तुला सांगायला नको. वाल्डीनने विनिपेगच्या कुठल्याशा कंपनीची रंगीत पत्रकं आणली आहेत. ते त्यांचं मशीन बसवणार, तिथे बसून आपल्या बर्फावर नजर ठेवणार आणि बर्फखान्याची किल्ली त्यांच्या माणसाकडे जाणार. ती म्हणते, बॉनस्पीलपर्यंत बर्फ नीट राहिला तर बघू. बाबांनंतर ती किल्ली माझ्या खिशात आहे. बर्फ गेला की किल्ली गेली, इतकं सरळ आहे.

तुला यायची काही गरज नाही. काय करायचं तेवढं लिही.

स्टेनी


सँडनेस
२७ जानेवारी

प्रिय लीफ,

तुझं उत्तर मिळालं. रूनाने वाचून दाखवलं, तिला वाचून दाखवायला आवडतं. मुलांची खबर कळली. धाकटीला बर्फावर चालताना अजून भीती वाटते हे ऐकून आश्चर्य वाटलं. आपल्या घरात असं कुणी नव्हतं.

तुझं म्हणणं, आधी हजेरी घे, मग बोलू. बरोबर आहे. ऑक्टोबरात बर्फ धरायला जमिनीवर पहिलं पाणी सोडायच्या आधी बाबा कर्लिंगच्या दगडांची हजेरी घ्यायचे, बर्फावरून सरकवायच्या एकेका ग्रॅनाइटवर हात फिरवून. मग तू तुझी हजेरी सुरू केलीस. काळ्या पडद्यावर ती पाच अक्षरं मारायची, एल, एस, पी, सी, आय, की मशीन आपल्या पोटातल्या एकेकाचं नाव सांगायचं. प्रत्येक नावापुढे त्याचा नंबर. तू वाचायचास आणि मी वहीत खूण न करता नुसतं "हजर" म्हणायचो. बाबा खुर्चीवरून म्हणायचे, "दगड कुणी घरी नेऊन दरवाज्याला टेकू लावेल, म्हणून मोजतो. पेटीच्या आतलं कोण पळून जाणार आहे?" तू गेल्यावरही दर ऑक्टोबरला मी हजेरी घेत आलोय, एकट्याने. यंदाही घेतली.

काल घेतली ती अशी:

शून्य नंबरला मुख्य बोर्डाची मंडळी, सगळी हजर.
एक नंबर, पडद्याचं कार्ड. ते मी काढलंय, त्यामुळे गैरहजर.
दोन नंबर, थर्मामीटरच्या तारा जातात ते कार्ड. हजर.
तीन नंबर, नेटवर्कचं कार्ड. हजर.

म्हणजे कुणी मेलेलं नाही. सगळे जागेवर असून मशीन बोलत का नाही, हे तू सांग.

इथे रूना मला क्लबवर सोडते आणि न्यायला येते. ट्रक तीच चालवते हल्ली. मला रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठाचा कंटाळा आलाय. यंदा मी स्किपही नाही, संघाची कप्तानी हाल्टीकडे दिलीय. पलीकडच्या टोकाला उभं राहून झाडू दाखवत ओरडायचं हे म्हाताऱ्यांनी किती वर्षं करायचं?

मशीन मुकं असल्यामुळे मीच जाऊन नळ्यांना हात लावून बघतो. मंगळवारी खेळाच्या तिसऱ्या पट्ट्याच्या मधोमध उभा होतो तर वाल्डीन आली आणि दारातूनच म्हणाली, "स्टेनी, तुझ्या बुटाभोवती पाणी आहे." मी म्हटलं, असेल, आत्ताच शिंपडलंय. म्हणाली, "शिंपडलेलं नाही, सुटलेलं आहे. चमकतंय बघ. तुला दिसत नाही?" मी म्हटलं, इथले दिवे बदला आधी, वर्षानुवर्षं सांगतोय. मग कॉम्प्रेसर जोरात लावून पट्टा वाचवला. तिला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे, शाळेतही अशीच होती.

बाकी सर्व ठीक. लवकर लिही, बॉनस्पील जवळ येतंय.

स्टेनी


सँडनेस
६ फेब्रुवारी

प्रिय लीफ,

तुझं पत्र. पत्र कसलं, एवढंच:

"एक नंबरचं कार्ड काढलं की मागचे पुढे सरकतात. दोनचा एक होतो, तीनचा दोन. तू मला जुने नंबर पाठवलेस. तू पडदा वाचलाच नाहीस, पाठ असलेलं लिहिलंस. का?"

रूनाने ते मोठ्याने वाचलं. मग मी न सांगता पुन्हा एकदा वाचलं. मग घडी घालून साखरेच्या भांड्याखाली ठेवलं आणि समोर बसली.

"तू सांगतोस त्याला, की मी सांगू?"

"काय सांगायचंय?"

"स्टेनी, काल तू मांजराला हाक मारलीस आणि ती माझी टोपी होती."

"टोपी मांजरासारखी विणलीस तर तसं होणारच."

ती हसली नाही. एरवी हसते. तर मी सांगतो.

मला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. खिडकीची चौकट दिसते, खिडकीत उभा माणूस दिसत नाही. पानाचे कोपरे दिसतात, शब्द नाही. पडद्याच्या मध्यभागी करडा डाग असतो आणि जिथे बघावं तिथे तो आधी जाऊन बसतो. मागच्या वसंतात विनिपेगच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं. पूर्ण आंधळा होणार नाही म्हणाल्या, कडा राहतील. बरं व्हायचं औषध माझ्या प्रकारावर नाही. रूनाला हे ठाऊक होतं. बाकी कुणाला सांगायचं नाही असं मी तिच्याकडून वदवून घेतलं होतं. वाल्डीनला कळलं तर किल्ली त्याच दिवशी जाईल, एवढाच विचार होता. तुला का नाही सांगितलं ते मला नीट सांगता येणार नाही. तू कीव केली असतीस, आणि मला ती चालली नसती.

असो. आम्ही दोघं दुपारी बर्फखान्यात गेलो. रूनाला मी कधी आत घेतलं नव्हतं. तिने आधी खोली झाडली. मग चष्मा लावून पडद्यापुढे बसली. मी अक्षरं सांगितली, तिने मारली.

"आता काय येतंय?"

"बरंच काही. ही कुणाची भाषा आहे?"

"वाच तर."

"शून्य शून्य, मग दोन टिंबं, मग... हे काहीतरी पूल म्हणतायत. पेटीत पूल कशाला?"

"असतो. पुढे."

"इतकी मंडळी आहेत यात? आणि तुम्ही दोघं भाऊ दर वर्षी इथे बसून हे करायचात? मला वाटायचं बिअर पिता."

"तीही प्यायचो. पुढे, रूना."

तिने शेवटपर्यंत वाचलं, एकेक अक्षर दळण निवडल्यासारखं. मी शेजारी स्टुलावर बसून हजर म्हणत गेलो. एक नंबरला थर्मामीटरचं कार्ड. दोन नंबरला नेटवर्कचं. तीनला कुणीच नाही. तू लिहिलंस अगदी तसंच.

मग तुझ्या त्या तीन-चार ओळींतच उत्तर आहे हे माझ्या लक्षात आलं. मशीन बाहेर बोलतं ते नेटवर्कच्या कार्डामार्फत, आणि त्या कार्डाला नाव देताना मशीन त्याचा नंबरच नावात घालतं. तू ज्या फायलीत लिहून ठेवलंयस तिथे जुनं नाव आहे, तीनवालं. कार्ड चांगलं धडधाकट शेजारच्या घरात राहायला गेलंय, आणि मशीन जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसलंय. एक काढलं आणि बाकीच्यांची ठिकाणं हलली, हे मला दिसायला हवं होतं. दिसलं असतं तर दिसलं असतं.

रूनाने फाईल उघडली, मी सांगेन तसं. तीनचा दोन केला. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. मग चाचणी घ्यायची म्हणून तिने खाऱ्या पाण्यातला थर्मामीटर बाहेर काढला आणि मुठीत गच्च धरून उभी राहिली. "गार आहे गं बाई," म्हणत राहिली. जरा वेळाने माझ्या खिशातला फोन वाजला.

आम्ही दोघांनी तो वाजू दिला. उचलायचं काही कारण नव्हतं.

तर मशीन बरं आहे. कळवायचं होतं ते कळवलं. आता वाल्डीनचं काय करायचं ते बघतो.

स्टेनी


सँडनेस
१५ फेब्रुवारी

प्रिय लीफ,

हे अक्षर रूनाचं आहे, मजकूर माझा आहे. ती मध्ये स्वतःचं काही घुसडणार नाही असं तिने कबूल केलंय. (बघू. रूना.)

गुरुवारी कमिटी बसली. पत्रकं टेबलावर होतीच. मी उठून सांगितलं की मशीन का मुकं झालं होतं आणि तिसऱ्या पट्ट्याला पाणी का सुटलं. दिव्यांचा दोष नव्हता हेही सांगितलं. मग हाल्टी म्हणाला, "मागच्या वर्षी तू स्किप असताना मला चुकीच्या बाजूला दगड टाकायला लावलास, तेव्हाच मला शंका आली होती. मी समजलो, नवी चाल आहे." सगळे हसले. मीही हसलो. (हा हसला नाही. घरी येऊन हसला.)

वाल्डीन हसली नाही. ती म्हणाली, "डोळे गेले याचं मला वाईट वाटतं, स्टेनी. पण पाणी सुटलं तेव्हा तू मला खोटं सांगितलंस, त्याचा मला राग आहे." ते बरोबर होतं, म्हणून मी मान डोलावली. मग ती म्हणाली, किल्ली या हंगामापुरती तुझ्याकडे राहू दे, शिंपडणं आणि घासणं तुझ्याइतकं कुणाला येत नाही. पण एक डोळस माणूस रोज बर्फ बघायला हवा आणि मशीनची हजेरी वाचायला हवा. नाहीतर बॉनस्पीलनंतर विनिपेगला फोन करते. मला न्यायला आलेल्या रूनाने तिथल्या तिथे हात वर केला. म्हणाली, बॉनस्पीलपर्यंत मी करीन, पुढे माझ्याने होणार नाही, मला त्या खोलीत थंडी वाजते. (खरंच वाजते.)

त्याच संध्याकाळी तुझं पत्र आलं. तू लिहितोस, बॉनस्पीलला येतो, मशीन एकदा स्वतः तपासतो, आणि तुझं काम हल्ली कुठूनही करता येतं. हे शेवटचं तू का लिहिलंस ते मी विचारत नाही. रूना म्हणते मी विचारावं. मशीन ठीक आहे. मशीनसाठी यायचं काही कारण उरलेलं नाही. तरी ये.

तुझी खोली तिने आवरली आहे. आईचं शिवणाचं मशीन तिथून हलवलं. त्यामुळे अंधारात तुला खोलीत वाट सापडेल, मला आता सापडत नाही. भेट म्हणून काही आणू नकोस. धाकटीला आणलंस तर आण. तिला बर्फावर चालायला मी शिकवीन, त्याला डोळे लागत नाहीत, पाय सपाट ठेवायचे असतात.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर दारातच पुन्हा तसंच व्हायचं. रूना हे लिहिताना थांबली होती, मी म्हटलं, लिही.

समोर बघितलं तर मला समोरचा माणूस दिसत नाही. त्याच्या जागी तो डाग असतो. कुणाला बघायचं असेल तर मला त्याच्या शेजारी बघावं लागतं, जरा डावीकडे. मग तो माणूस कडेच्या बाजूने येतो आणि चांगला दिसतो. चर्चच्या तळघरात तू आईच्या कोटाचं बटण हातात धरून आलास. तुझी दाढी एका बाजूला नीट झाली नव्हती. तू रडला होतास आणि मला कळू नये म्हणून खोकत होतास. तुझ्या डाव्या हाताला कॉफीची किटली होती, आणि मी तिच्याकडे बघत होतो. हात पुढे केलेला मात्र दिसला नाही. तो डागात गेला असावा.

तेव्हा येशील त्या दिवशी मी दारात उभा असेन, आणि तुला वाटेल मी तुझ्याकडे बघत नाही. तू सरळ माझ्यापर्यंत ये आणि माझा हात धर.

(सही त्याची त्यानेच केली आहे. कागदाच्या बाहेर गेली होती, तेवढी मी टेबलावरून पुसली. रूना वहिनी.)

तुझ्या जरा डावीकडे बघत उभा असलेला,
तुझा भाऊ
स्टेनी